कोकणातल्या शाळकरी मुलांचे पाय: जूनमध्ये सँडल, दिवाळीनंतर बूट

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिपळूण, राजापूर, कणकवलीच्या बाजारात वह्या, छत्री आणि दप्तराबरोबर शाळेचे काळे बूटही घेतले जातात. महिन्याच्या मध्यावर शाळा उघडते आणि तोवर पावसानेही चांगलाच जोर धरलेला असतो. वर्षभर पुरावेत म्हणून घेतलेले बूट पहिल्याच आठवड्यात चिंब होतात. ते रात्रीत वाळत नाहीत, मूल सकाळी ओल्याच बुटात पाय घालतं, आणि आषाढ संपायच्या आत बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलवटू लागतात. पावसाळ्यात हे व्हायचंच, असं धरून आपण दरवर्षी सोडून देतो. पण ते टाळता येतं, आणि त्याला फारसे जास्तीचे पैसेही लागत नाहीत.

माझं सांगणं असं की, कोकणात जूनमध्ये मागे पट्टा असलेले प्लास्टिकचे किंवा रबरी सँडल घ्यावेत आणि बूट दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावेत. घाटावरचा हिशेब इथे चालत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शिवाय या चार-पाच महिन्यांत मुलाचा पाय वाढलेला असतो. जूनमध्ये बरोबर बसणारा बूट नोव्हेंबरात, म्हणजे त्याचा खरा वापर सुरू व्हायचा तेव्हाच, आखूड व्हायला लागतो.

माप घरीच घ्या

"कितवीत आहे?" एवढं विचारून काढून दिलेला बूट क्वचितच नीट बसतो. माप घरी घ्यावं आणि संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगलेला असतो.

भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा. मुलाची टाच भिंतीला टेकू द्या आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन त्याला ताठ उभं करा. बसलेल्या मुलाचं माप घेऊ नये, उभं राहिल्यावर पाय पसरतो आणि लांबतोही. पेन्सिल सरळ धरून सगळ्यांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा. काहींचा अंगठा पुढे असतो, काहींचं शेजारचं बोट. चवड्याच्या सगळ्यांत रुंद जागी दोन्ही बाजूंना खुणा करून रुंदीही मोजा. बूट पायमोज्यांवर घालायचा असेल तर मोजे घालूनच माप घ्या. दोन्ही पाय मोजा, थोडा फरक निघतोच. मोठा निघेल तो पाय धरायचा.

आता जाड पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापा. पाय १९.४ सेंटिमीटर भरला तर पट्टी २०.४ सेंटिमीटरची, म्हणजे पायापेक्षा एक सेंटिमीटर जास्त. ही पट्टी खिशात घालून दुकानात जा आणि बुटाच्या आत टाचेपासून पुढपर्यंत सरकवा. पट्टी वाकली तर बूट लहान आहे. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त मागेपुढे हलली तर मोठा आहे. वरून अंगठ्याने दाबून बघायची आपली नेहमीची पद्धत इथे फसवते, कारण शाळेच्या बुटाचं टोक कडक असतं आणि दाबलं की मूल आतल्या आत बोटं आखडून घेतं.

नंबरांबद्दल एक गोष्ट माहीत असावी. आपल्याकडच्या बहुतेक बुटांवर इंग्लंडच्या पद्धतीचे नंबर असतात आणि एका नंबराला लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात. म्हणून १३ नंबर लहान होऊ लागलेल्या मुलाला पुढचा १ नंबर लागतो. एका कंपनीचा ११ आणि दुसरीचा ११ सारखाच असेल याचीही खात्री नसते. विश्वास पट्टीवर ठेवायचा.

"वैनी, दोन नंबर वाढीव घेवा, पुढच्या वर्साक पण होतले," असं दुकानदार आपल्या भल्यासाठीच सांगतो. पण दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर. एवढ्या मोकळ्या बुटात पाय पुढे सरकतो आणि मूल बोटांनी तळ आवळून धरत चालतं. पाखाडी उतरताना प्रत्येक पायरीला नखं पुढच्या टोकावर आदळतात, अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं आणि घोटा मुरगळतो तो वेगळाच. एक सेंटिमीटर मोकळी जागा पुरे.

प्राथमिक शाळेच्या वयात पाय वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, सगळ्यांचा सारख्या वेगाने नाही. म्हणून गणपतीत, दिवाळीत आणि शिमग्यात पुन्हा माप घ्यावं. सण असले की मुलं घरी असतात आणि मोठ्यांनाही सवड असते.

मोठ्या भावंडाचे बूट धाकट्याला देताना तळ बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली चालते, ती सगळ्यांचीच झिजते. पण तळ एका बाजूला कलला असेल किंवा आत आधीच्या पायाचा खोल ठसा उमटला असेल तर ते बूट देऊ नका. चार महिने वापरलेले सँडल मात्र धुऊन, उन्हात वाळवून खुशाल द्या.

पावसाळ्यातलं पायताण

चांगल्या पावसाळी सँडलला मागे पट्टा असतो, पुढून बोटं झाकलेली असतात आणि बाजूंना पाणी निघून जायला भोकं असतात. बकल वेलक्रोपेक्षा बरं. वेलक्रोत लाल माती भरली की तो धरतच नाही.

तळ नीट पाहा. जांभ्याच्या चिऱ्यांवर श्रावणापर्यंत हिरवं शेवाळ चढतं आणि कडक प्लास्टिकचा तळ त्यावर सर्रकन घसरतो. दुकानात तळाला नख दाबून बघा. किंचित दबला तर तो रबरासारखा मऊ आहे. तसाच घ्या. खाचा खोल हव्यात आणि त्या आडव्याही असाव्यात, नुसत्या उभ्या रेघांनी उतारावर पकड मिळत नाही. सँडल दोन्ही हातांनी वाकवून पाहा: बोटं जिथे दुमडतात तिथे तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर पायाला आधार मिळत नाही.

हवाई चप्पल शाळेच्या वाटेसाठी मला पसंत नाही. ती चिखलात रुतते, तिचा अंगठा तुटतो, मागे पट्टा नसल्याने मूल बोटांनी ती धरून चालतं, आणि साकवावर किंवा शेवाळावर ती आधी निसटते. गमबूट शेतात उत्तम. पण व्हाळ ओलांडताना वरून एकदा पाणी शिरलं की दिवसभर पाय त्या पाण्यात राहतो, आणि गमबूट घालून मुलांना धावताही येत नाही. ज्यांची वाट शेताच्या बांधावरून किंवा उंच गवतातून जाते त्यांनी वाटेपुरते गमबूट घालावेत आणि शाळेत सँडल ठेवावेत.

पायमोजे पावसात घालूच नयेत. सुती मोजा पाणी धरून बसतो आणि पायाला ओल्या फडक्यासारखा चिकटतो. शाळेत मोजे सक्तीचे असतील तर एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत दप्तरात द्या आणि मुलाने ती वर्गात पोचून, पाय पुसल्यावरच घालावी.

चिखल्या

चिखल्या म्हणजे ओल्या बेचक्यांत होणारी बुरशी. तिची सुरुवात बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात होते, कारण ती दोन बोटं एकमेकांना सगळ्यांत जास्त चिकटलेली असतात. आधी कातडी पांढरी, फुगलेली दिसते. मग तिचे पापुद्रे निघतात, खाली लालसर ओली भेग पडते, रात्री खाज येते आणि सकाळी बूट घालताना चुरचुरतं. मूल सांगत नाही. त्यामुळे बघणं आपल्याकडे येतं.

दिवेलागणीच्या आधी मुलं हातपाय धुतातच. त्याच वेळी दोन मिनिटं द्या. साबण लावून पाय धुवा आणि स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढून टाका. मग जुन्या मऊ सुती फडक्याने प्रत्येक बेचकं वेगळं करून कोरडं करा. फडकं बेचक्यातून नुसतं ओढू नका, दाबून ओल टिपा. प्रत्येक मुलाचं फडकं वेगळं असावं, कारण ही बुरशी फडक्यावरून आणि एकमेकांच्या बुटांमधून पसरते. त्यानंतर झोपेपर्यंत पाय मोकळे ठेवा. एवढं रोज झालं तर बऱ्याच मुलांना औषधाची वेळच येत नाही.

चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमाझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, कोरड्या केलेल्या बेचक्यात पातळ लावावं. दिसायला बरं झाल्यावरही आणखी आठवडा-दोन आठवडे ते लावत राहावं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पंधरा दिवसांत ते पुन्हा उलटतं.

औषधाच्या दुकानातून मलम घेताना ट्यूबवरची नावं वाचा. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मिश्र मलमं सर्रास मिळतात. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं नाव दिसलं तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती ट्यूब घेऊ नका. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण ही मलमं स्वस्त असतात आणि आपण ती विश्वासाने लावतो.

आपल्याकडे चिखल्यांवर मेंदी लावतात. अखंड कातडीवर ती लावायला हरकत नाही, पण भेग पडलेली असेल तर लावू नये. मेंदी बाजारची, गडद रंगाची असेल तर मुळीच नको. कोकमाचं मुठेल फुटलेल्या टाचांना फार चांगलं, पण तेही बेचक्यात लावायचं नाही. तिथे ओल कमी करायची असते, आणि तेलाने ती आत कोंडून राहते.

तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले आणि बूट काढल्यावर उग्र वास आला तर ते बुरशीचं दुखणं नव्हे. ओल्या बुटात कोंडलेल्या पायाला जंतूंमुळे हा त्रास होतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. डॉक्टरांना दाखवा. पाय सुजला, लाली वर चढू लागली, पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

भिजलेले बूट वाळवताना

घाई झाली की बूट चुलीजवळ ठेवायचा मोह होतो. आचेने डिंकाचा जोड सुटतो, तळ उकलतो आणि कातडं तडकतं. बूट आधी धुऊन चिखल काढा, आतला सुटा तळ आणि नाड्या बाहेर काढा, मग वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत घट्ट भरा. तासाभराने ते बोळे चिंब झालेले असतात. ते काढून नवे भरा, झोपताना पुन्हा एकदा बदला. पडवीत, पागोळ्यांचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी बूट टाच खाली आणि तोंड वाऱ्याकडे करून कलते ठेवा. घरात पंखा असेल तर त्याखाली. एवढं करूनही कॅनव्हासचा बूट कोकणातल्या जुलैत एका रात्रीत वाळेलच असं नाही. म्हणूनच पावसाळ्यात सँडल.

कातड्याचे बूट घरात असतील तर जूनआधी पुसून, पॉलिश करून, आत कोरडा कागद भरून हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या बुटावर गणपतीपर्यंत पांढरी बुरशी येते.

फुरसं, विंचू, खिळा आणि लेप्टो

पायताण सकाळी झटकून, उलटं आपटून घालायची सवय पहिलीपासून लावा. जांभ्याच्या गडग्यातले विंचू कोरडी, अंधारी जागा शोधत बुटात येतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीने या दंशावर उपचार करून दाखवले आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात जा.

फुरसं हा सड्यावरचा, कातळावरचा साप. तो छोटा, मातकट रंगाचा असतो आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. साप बहुतेक वेळा पायालाच, घोट्याच्या आसपास चावतो, म्हणून गवतातल्या वाटेवर बंद पायताण आणि अंधार पडल्यावर बॅटरी हवीच. साप चावला तर सँडल, पैंजण, घट्ट मोजा लगेच काढा, कारण सूज चढते. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. पाय हलू नये म्हणून तो काठीला बांधा, मुलाला उचलून न्या आणि १०८ ला फोन करा. उपाय एकच, प्रतिविष, आणि तो रुग्णालयातच मिळतो.

खिळा किंवा काटा तळ भेदून आत गेला तर वरून जखम छोटी दिसते, पण आत घाण गेलेली असते. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या लशीचं कार्ड काढून बघा: पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर, मग १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी. दोन-तीन दिवसांनी दुखणं वाढलं तर पुन्हा दाखवा. किनाऱ्यावरच्या मुलांना खडकावरच्या कालवांच्या धारदार कडा कापतात. त्या जखमेत कवचाचा तुकडा राहून पिकतं, म्हणून नीट उजेडात बघावं. खडकावर जाताना जुने सँडल घालायला लावा.

लावणीच्या दिवसांत मुलं शेतात उतरतात. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि चिखल्यांच्या भेगांमधून किंवा खरचटलेल्या जागेतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू शरीरात जातात. पायाला जखम असलेल्या मुलाला त्या दिवसांत चिखलात उतरवू नका. शेतात गेलेल्या मुलाला ताप, पोटऱ्यांत जोराचं दुखणं आणि डोळ्यांत लाली अशी लक्षणं दिसली तर घरी तापाची गोळी देत बसू नका. आरोग्य केंद्रात जाऊन शेतात उतरल्याचं आवर्जून सांगा.

सावलीतल्या ओल्या मातीत अनवाणी चालल्याने अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात. पुढे त्या आतड्यात जाऊन रक्त पितात, आणि मूल फिकं पडतं, दमतं. शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिन असतो, त्या दिवशीची अल्बेन्डाझोलची गोळी चुकवू नका.

मग अनवाणी चालूच द्यायचं नाही का?

जरूर द्यावं, जागा बघून. घरात, सारवलेल्या खळ्यात, स्वच्छ पुळणीवर मुलांनी अनवाणी खेळलं पाहिजे. आपल्याच किनारपट्टीवर खाली कर्नाटकात मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. आणि पुढून बंद बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण सँडल-चपलांपेक्षा जास्त होतं. पावलाची कमान स्नायूंच्या कामातून घडते, त्यांना काम मिळालं पाहिजे.

सपाट पाय म्हणून लगेच घाबरू नका. लहान वयात बऱ्याच मुलांचा पाय सपाटच दिसतो. मुलाला चवड्यावर उभं करा. कमान उठून दिसली आणि दुखत नसेल तर काहीही करायची गरज नाही, महागडे खास बूट तर नकोतच. कमान उठत नसेल, एकच पाय सपाट असेल, दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना पाय आवर्जून बघायला सांगा.

आठ ते चौदा वयाची, कबड्डी-खोखो खेळणारी मुलं टाच दुखते म्हणतात. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखली तर बहुधा वाढीच्या वयातलं टाचेचं दुखणं असतं. थोडे दिवस धावणं कमी आणि टाचेखाली मऊ तळ, एवढ्याने ते बरं होतं. नखं सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. भोवरी ब्लेडने तासू नये. आत काळे ठिपके दिसत असतील तर ती भोवरी नसून चामखीळ असण्याची शक्यता जास्त.

शाळेशी बोलताना

सँडलचा हा बेत शाळेने मान्य केल्याशिवाय चालणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा ही मागणी आपलीच माणसं ठेवू शकतात. शाळा उघडल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत गणवेशात काळे सँडल चालावेत. पडवीत पाय धुवायला पाणी आणि पायताणं उभी करायला एक फळी असावी. ओला पाय घेऊन मुलांनी पाच तास बसू नये, म्हणून परिपाठाआधी पाच मिनिटं पाय पुसायला द्यावीत.

२०२३ पासून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे मिळण्याची तरतूद आहे. तिथे मापं इयत्तेवरून न लावता प्रत्येक मुलाच्या पायावरून घ्यायला सांगा. वर्गात भिंतीलगत खडूने सेंटिमीटरची पट्टी आखली तर तासाभरात सगळा वर्ग मोजून होतो, आणि सातवी-आठवीची मुलं हे काम आनंदाने करतात. यादीत मुलाच्या नावापुढे दोन्ही पायांची लांबी आणि रुंदी लिहावी, मोठ्या पायात एक सेंटिमीटर मिळवावा, आणि बूट आले की वाटपाआधी प्रत्येकाने घालून वर्गात चालून बघावं. न बसणारी जोडी तेव्हाच बाजूला काढली तर बदलून मिळते. चिखल लागल्यावर मिळत नाही.